नदीकाठचे तहानलेले वृक्ष

वृक्ष आणि पाणी यांचे नाते माणसाच्या मनात इतके दृढ झालेले आहे की, वृक्ष तोडल्याने नदीचे पाणी वाढते असे कोणी म्हटले, तर ते विधान ऐकणाराला विपरीत वाटावे. वृक्ष लावणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले गेले आहे, आणि त्यात काही वावगे नाही. उघड्या डोंगरावर झाडी वाढली म्हणजे माती जागच्या जागी राहते, पावसाचे थेंब जमिनीवर आदळत नाहीत, ओढे गढूळ होत नाहीत. परंतु आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाला असलेल्या दक्षिण आफ्रिका या देशात 1995 सालापासून सरकारने हजारो स्त्री-पुरुषांना नद्यांच्या उगमापाशी आणि काठांवर वाढलेले काही वृक्ष तोडण्याच्या कामाला लावले. हे काम पाण्यासाठी होते. नदीत अधिक पाणी यावे हा त्याचा एक मुख्य हेतू होता, आणि त्यामागे साठ वर्षांची मोजमापे उभी होती.

दक्षिण आफ्रिका हा कोरडा देश आहे. तेथील सरासरी वार्षिक पर्जन्यमान 500 मिलिमीटरांहूनही कमी भरते. जगातील भूभागाची सरासरी 800 मिलिमीटरांच्या वर आहे. शिवाय हा थोडा पाऊसही सर्वत्र सारखा पडत नाही. देशाच्या सुमारे एक-दशांश भूभागातून नद्यांचे जवळजवळ निम्मे पाणी मिळते. हा एक-दशांश भाग म्हणजे मुख्यतः पर्वतरांगा होत. त्यांच्या माथ्यावर काय उगवते यावर शेकडो मैल दूरच्या शहरांचे आणि शेतांचे पाणी अवलंबून असते.

पाण्याची वाट

वृक्ष पाणी पितो असे आपण म्हणतो, पण प्यालेले पाणी तो साठवून ठेवीत नाही. मुळांनी जमिनीतून शोषलेले पाणी खोडातील सूक्ष्म नलिकांतून वर चढते, पानांपर्यंत पोहोचते आणि पानांवरील पर्णरंध्रांतून वाफेच्या रूपाने हवेत निघून जाते. या क्रियेला बाष्पोत्सर्जन म्हणतात. शोषलेल्या पाण्यापैकी शेकडा पंचाण्णवहून अधिक भाग असा वाफ होऊन जातो. वृक्षाचे शरीर बनण्यास लागणारा वाटा अगदी अल्प असतो. याखेरीज दाट पानोऱ्यावर अडकलेला पाऊस जमिनीला न पोहोचताच वाळून जातो, ते नुकसान वेगळे.

बाष्पोत्सर्जन किती व्हावे हे तीन गोष्टींवर ठरते: पानांचे एकूण क्षेत्रफळ किती आहे, ती पाने वर्षातून किती महिने झाडावर राहतात, आणि मुळांना पाणी किती सहज मिळते. उंच, सदाहरित, खोल मुळांचा वृक्ष या तिन्ही बाबतींत गवताच्या आणि झुडुपांच्या पुढे असतो. उन्हाळ्यात गवत पिवळे पडते, त्याचे पाणी पिणे थांबते. सदाहरित वृक्षाचे थांबत नाही. तो वृक्ष नदीच्या अगदी काठावर असला तर त्याला पाण्याची टंचाई अशी कधी भासतच नाही. डोंगर-उतारावरचे झाड जमीन सुकली की हात आखडते घेते, काठावरचे झाड मात्र बारमाही पीत राहते. नदीचा प्रवाह सर्वांत क्षीण असतो त्या दिवसांतही त्याची उचल चालूच असते.

पाहुणे वृक्ष

देशाच्या नैर्ऋत्य टोकाला, केपच्या डोंगरांवर, मूळची वनस्पती बुटकी आहे. तिला तेथील लोक ‘फाइनबॉस’ म्हणतात. बारीक, चिवट पानांची झुडुपे, लव्हाळ्यासारखी तृणे आणि मनोहर फुलांच्या प्रोटिया यांचा हा समूह आहे. या छोट्याशा प्रदेशात वनस्पतींच्या सुमारे 9,000 जाती आढळतात आणि त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश जाती जगात इतरत्र कोठेही उगवत नाहीत. पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो, आणि काही वर्षांच्या अंतराने वणवा लागून झुडुपे जळतात व पुन्हा बियांतून उगवतात. मोठे वृक्ष ओलसर दऱ्यांत आणि ओढ्यांच्या काठी तेवढे दिसतात.

युरोपीय लोक 1652 मध्ये येथे वसाहत करून राहिले तेव्हा त्यांना इमारतीसाठी व जळणासाठी लाकडाची टंचाई भासू लागली. म्हणून पुढील दोन-अडीच शतकांत भूमध्य समुद्राच्या परिसरातून व अमेरिकेतून पाईन, आणि ऑस्ट्रेलियातून निलगिरीच्या व बाभळीच्या कुळातील अनेक वृक्ष आणले गेले. त्यांतील ‘ब्लॅक वॅटल’ हा वृक्ष 1864 च्या सुमारास नाताळ प्रांतात आला. त्याच्या सालीत चामडे कमावण्यास लागणारे टॅनिन विपुल असते, असे पुढे आढळून आले. आणि त्याचे मळे उभे राहिले. भारतातील चर्मोद्योगही एके काळी ही साल आफ्रिकेतून मागवीत असे.

हे वृक्ष उपयोगी होते, म्हणूनच ते लावले गेले. परंतु जे आवारात लावले ते आवारात राहिले नाही. पाईनचे पंख असलेले बी वाऱ्यावर उडून दूरच्या कड्यांवर रुजले. वॅटलचे कठीण कवचाचे बी पुराबरोबर वाहत जाऊन काठाकाठाने पसरले. हे बी मातीत कित्येक दशके सजीव राहते आणि वणव्याची धग लागली म्हणजे एकाच वेळी उगवून येते. मायदेशात या वृक्षांची फुले व बिया खाणारे जे कीटक होते, ते समुद्रापलीकडेच राहिले होते. परिणामी पाहुणा घरमालक होऊन बसला.

योंकर्सहुकचा प्रयोग

लागवडीची जंगले वाढली तशी शेतकऱ्यांची तक्रारही वाढत गेली. डोंगरावर झाडे लावल्यापासून आपले ओढे आटू लागले, असे ते म्हणत. वनाधिकारी याच्या उलट सांगत; जंगलामुळे पाणी टिकते, असा त्यांचा दावा होता. दोन्ही पक्षांजवळ अनुभव होते, परंतु मोजलेले पुरावे नव्हते. 1935 मध्ये ब्रिटिश साम्राज्यातील वनशास्त्रज्ञांची परिषद दक्षिण आफ्रिकेत भरली, तेव्हा या वादाला तोंड फुटले आणि त्याचा निकाल प्रयोगाने लावावा असे ठरले. स्टेलेनबॉश गावाजवळच्या योंकर्सहुक खोऱ्यात एक संशोधनकेंद्र स्थापन झाले. सी. एल. विख्त या वनशास्त्रज्ञाने तेथील प्रयोगांची आखणी केली.

प्रयोगाची कल्पना सोपी आहे. शेजारी-शेजारी असलेली दोन छोटी पाणलोट क्षेत्रे निवडावयाची. प्रत्येकाच्या ओढ्यावर एक लहान बांध घालून त्याला इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची खाच ठेवावयाची. खाचेतून पाणी किती उंचीवरून वाहते हे सतत नोंदवीत गेले म्हणजे प्रवाहाचे मान काढता येते. प्रथम काही वर्षे दोन्ही क्षेत्रे जशीच्या तशी ठेवून त्यांच्या प्रवाहांचे परस्परप्रमाण ठरवावयाचे. मग एका क्षेत्रात वृक्ष लावावयाचे आणि दुसऱ्याला हात लावावयाचा नाही. पुढे पहिल्या ओढ्याचे पाणी घटले, तर ते कमी पावसामुळे घटले की वृक्षांमुळे, याची साक्ष दुसरा ओढा देतो, कारण पाऊस दोघांवर सारखाच पडलेला असतो.

कल्पना सोपी असली तरी तिला चिकाटी लागते. योंकर्सहुकच्या खोऱ्यात एका ओढ्याचे क्षेत्र फाइनबॉसखाली तसेच राखून ठेवले गेले आणि इतर क्षेत्रांत 1940, 1948, 1956 व 1964 या वर्षी, एकामागून एक, पाईनची लागवड झाली. ज्यांनी रोपे लावली त्यांतील कित्येकांना अखेरचे आकडे पाहावयास मिळाले नसतील. पण आकडे आले ते निःसंदिग्ध होते. पाईनच्या लागवडीनंतर 23 वर्षांत ओढ्याचा प्रवाह शेकडा 55 ने घटला. देशाच्या पूर्वेकडील ड्राकेन्सबर्ग पर्वतात, गवताळ उतारावर पाईन लावले तेथे 20 वर्षांत घट शेकडा 82 पर्यंत गेली. शेतकऱ्यांची तक्रार खरी ठरली.

सर्वांत बोलका अनुभव मोकोबुलान येथील आहे. तेथे 1969 मध्ये एका पाणलोट क्षेत्रात निलगिरी लावण्यात आली. नवव्या वर्षी ओढा पूर्ण आटला. शेजारच्या क्षेत्रात 1971 मध्ये पाईन लावले. तो ओढा बाराव्या वर्षी आटला. निलगिरीचे वृक्ष सोळा वर्षांचे झाल्यावर सर्व तोडण्यात आले, तरीही ओढा लगेच वाहू लागला नाही. तो पूर्ववत बारमाही होण्यास पाच वर्षे लागली. वृक्षांच्या खोल मुळांनी जमिनीच्या पोटातील जुना साठाही उपसला होता. तो भरून निघाल्यावाचून पाणी ओढ्यात येणार कोठून?

या निष्कर्षांची दखल कायद्यानेही घेतली. 1972 पासून नव्या लागवडीस परवाना आवश्यक झाला, आणि 1998 च्या राष्ट्रीय जल अधिनियमाने व्यापारी वनलागवडीची गणना प्रवाह घटविणाऱ्या व्यवसायांत केली.

काठाचे गणित

वरील सर्व प्रयोग माणसाने लावलेल्या वृक्षांवर झाले. जे वृक्ष कोणी लावले नव्हते, जे आपोआप पसरून नदीकाठी दाट रान माजवून बसले होते, त्यांचे काय? त्यांच्यासाठी परवाना नव्हता, त्यांचा मालकही नव्हता; पण पाणी ते तितकेच, किंबहुना अधिक पीत होते. एका लहान ओढ्याच्या दोन्ही काठांवर स्वयंभू वाढलेले पाईन व वॅटल तोडून पाहिले, तेव्हा ओढ्याचा प्रवाह दुपटीहून अधिक झाला.

काठावरच्या दाट वॅटलच्या रानातून वर्षाला सुमारे 1,500 मिलिमीटर पाणी वाफ होऊन जाते, असे मोजमापांवरून आढळले. उतारावरील फाइनबॉस किंवा गवत साधारण 600 ते 850 मिलिमीटर पाणी वापरते. या तफावतीचा अर्थ नीट समजून घेण्याजोगा आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे 10,000 लिटर. तफावत 700 मिलिमीटर धरली, तर दर हेक्टरी वर्षाला 70 लाख लिटर पाणी नदीऐवजी हवेत जाते. माणशी दररोज 50 लिटर असा हिशेब केला तर एवढ्या पाण्यात 380 माणसांची वर्षाची गरज भागते.

परंतु येथे सावधगिरी हवी. नदीकाठची मूळची देशी झाडी जेथे दाट आहे, तेथे तीही वर्षाला 1,300 मिलिमीटरांहून अधिक पाणी वापरते, असे एका ठिकाणी मोजले गेले आहे. अशा जागी वॅटल काढून देशी झाडी परत वाढू दिली, तर पाण्याची बचत 200 मिलिमीटरांहूनही कमी भरेल. बचत ही केवळ काय काढले यावर ठरत नाही. त्या जागी काय उगवते, यावरही ती ठरते. काठावरच्या प्रत्येक वृक्षाला शत्रू मानणे म्हणजे पहिल्या चुकीच्या जागी दुसरी करणे होय.

कुऱ्हाडीतून रोजगार

1994 मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट संपली आणि नेल्सन मंडेला यांचे सरकार आले. त्या वेळी देशातील एक कोटीहून अधिक लोकांना शुद्ध पाणी मिळत नव्हते, आणि बेकारी विलक्षण होती. पाणी व वने या खात्याचे मंत्री कादर अस्मल हे नाताळमधील एका भारतीय वंशाच्या कुटुंबात जन्मलेले, व्यवसायाने कायद्याचे अध्यापक आणि अनेक वर्षे आयर्लंडमध्ये परागंदा जीवन कंठलेले गृहस्थ होते. शास्त्रज्ञांनी त्यांच्यापुढे आकडे मांडले: वृक्ष असेच पसरू दिले तर धरणांचे पाणी घटत जाईल, आणि नवे धरण बांधण्यापेक्षा वृक्ष काढणे स्वस्त पडेल. एकाच खर्चात पाणीही मिळावे आणि गरिबांना कामही मिळावे, असा विचार करून 1995 मध्ये ‘पाण्यासाठी काम’ या अर्थाच्या नावाची योजना सुरू झाली. तिचा आरंभ केपटाउनला पाणी पुरविणाऱ्या तीवाटर्सक्लूफ धरणाच्या परिसरात झाला.

या योजनेत कामगारांपैकी शेकडा 60 स्त्रिया असाव्यात असे उद्दिष्ट ठेवले गेले, आणि पुढे दरवर्षी काम मिळणाऱ्यांची संख्या वीस हजारांच्या घरात गेली. ज्या स्त्रियांना पूर्वी पाण्यासाठी मैलोगणती चालावे लागे, त्यांतील कित्येक जणी आता करवत हाती घेऊन पाण्याच्या वाटा मोकळ्या करू लागल्या. अस्मल यांना 2000 सालचे स्टॉकहोम जल पारितोषिक मिळाले.

तोडणीचे काम दिसते तितके सरळ नाही. वॅटल नुसता तोडला तर बुंध्यातून पुन्हा फुटतो, म्हणून ताज्या कापावर तणनाशक लावावे लागते. तोडलेले ओंडके काठावर तसेच टाकले तर पुरात वाहून पुलांना अडकतात. वाळल्यावर पेटले तर त्यांच्या तीव्र आगीने माती भाजून निघते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मातीतील बियांचा साठा. रान उघडे झाले की सहस्रावधी रोपे एकदम वर येतात. ती दर वर्षा-दोन वर्षांनी जाऊन उपटली नाहीत, तर काही काळाने पहिल्यापेक्षाही दाट रान उभे राहते आणि पहिला सारा खर्च वाया जातो. म्हणून ऑस्ट्रेलियातून वॅटलचे बी खाणारे सोंडकिडेही आणून सोडण्यात आले. खोड शाबूत ठेवून फक्त बी नष्ट करणारा कीटक निवडला, म्हणजे ज्यांचे वॅटलचे मळे आहेत त्यांचेही नुकसान होत नाही.

योजना मोठी असली तरी संकट तिच्याहून मोठे ठरले. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असे दिसून आले की, पंधरा वर्षांच्या श्रमांनंतरही व्यापलेल्या क्षेत्राच्या अल्प भागापर्यंतच काम पोहोचले होते, आणि अनेक ठिकाणी वृक्षांचा पसारा वाढतच होता.

दुरुस्त केलेला आकडा

संपूर्ण देशात हे वृक्ष किती पाणी गिळतात, याचा पहिला सविस्तर अंदाज 1998 मध्ये मांडला गेला. तो वर्षाला 330 कोटी घनमीटर, म्हणजे नद्यांच्या एकूण वार्षिक प्रवाहाच्या शेकडा 6.7 इतका होता. हाच आकडा पुष्कळ वर्षे सर्वत्र उद्धृत होत राहिला. पुढे वृक्षांच्या विस्ताराच्या अधिक चांगल्या नोंदी हाती आल्या, तेव्हा शास्त्रज्ञांनी हिशेब नव्याने मांडला. 2013 मधील या अंदाजात घट वर्षाला सुमारे 144 कोटी घनमीटर, म्हणजे शेकडा 3 च्या आत आली. पहिला अंदाज करणाऱ्यांपैकी काही जणच हा दुसरा हिशेब करणाऱ्यांत होते. स्वतःचा प्रसिद्ध आकडा निम्म्याहून खाली आणण्यास त्यांनी संकोच केला नाही.

दुरुस्त आकडाही लहान नाही. तीवाटर्सक्लूफ धरणाची क्षमता 48 कोटी घनमीटर आहे. म्हणजे दरवर्षी अशी तीन धरणे भरतील एवढे पाणी या वृक्षांच्या पानांवाटे आकाशात जाते.

टंचाईचे वर्ष

2015 ते 2017 या तीन वर्षांत केपच्या डोंगरांवर सतत अवर्षण पडले. केपटाउनच्या धरणांतील पाणी इतके उतरले की, अमुक दिवशी नळ बंद करून नागरिकांना रांगेत उभे करून पाणी वाटावे लागेल, असे नगरपालिकेने जाहीर केले. त्या दिवसाला ‘शून्य दिवस’ असे नाव पडले. 1 फेब्रुवारी 2018 पासून माणशी रोज 50 लिटरांची मर्यादा आली. शहराच्या धरणांतील एकूण क्षमतेपैकी निम्मी क्षमता एकट्या तीवाटर्सक्लूफची. 2018 च्या पूर्वार्धात त्यातील साठा शेकडा 12 हूनही खाली गेला. नागरिकांच्या काटकसरीने तो दिवस टळला, आणि पुढे हिवाळी पाऊस आला.

अवर्षण वृक्षांनी आणले नव्हते आणि वृक्ष तोडून पाऊस पडत नाही. पण पडलेल्या थोड्या पावसातून धरणापर्यंत किती पोहोचते, हा प्रश्न त्या वर्षी प्रत्येक नागरिकाचा झाला. 2018 मध्येच झालेल्या एका अभ्यासानुसार, शहराला पाणी देणाऱ्या सात महत्त्वाच्या उपखोऱ्यांतील परके वृक्ष काढले, तर पाच-सहा वर्षांत दरवर्षी सुमारे 5,000 कोटी लिटर अधिक पाणी मिळेल. हे पाणी शहराला दोन महिने पुरेल, आणि समुद्राचे पाणी गोडे करण्यासारख्या उपायांच्या मानाने ते पुष्कळच स्वस्त पडेल. त्यानंतर दोरांच्या साहाय्याने दुर्गम कड्यांवर उतरणाऱ्या पथकांकडून पाईन तोडण्याचे काम हाती घेण्यात आले.

निलगिरी पर्वतावरील साक्ष

ही गोष्ट भारतापासून फार दूरची नाही. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातील वॅटल व निलगिरी हे वृक्ष दक्षिणेतील निलगिरी पर्वतावरही आणले गेले. तेथील मूळ वनस्पती म्हणजे उंचावरची गवताळ कुरणे आणि दऱ्यांतील लहान-लहान सदाहरित वने. त्यांना ‘शोला’ म्हणतात. उदगमंडलमच्या परिसरात शेजारी-शेजारी दोन पाणलोट क्षेत्रे घेऊन योंकर्सहुकप्रमाणेच प्रयोग झाला. एका क्षेत्रातील गवताच्या मोठ्या भागावर निलगिरीचे वृक्ष लावल्यावर पहिल्या दहा वर्षांच्या फेऱ्यात ओढ्याचे पाणी सुमारे 16 टक्क्यांनी घटले. पहिले वृक्ष तोडून बुंध्यांतून फुटलेले धुमारे वाढू दिले, तेव्हा दुसऱ्या फेऱ्यात घट सुमारे 25 टक्क्यांवर गेली. दोन भिन्न खंडांतील ओढ्यांनी दिलेली ही साक्ष एकाच दिशेची आहे.

यावरून वृक्षारोपण थांबवावे असा अर्थ कोणी काढू नये. जेथे मूळचे अरण्य होते आणि ते तुटले, तेथे देशी वृक्ष परत लावणे हे अगत्याचेच आहे. परंतु जेथे निसर्गाने गवत ठेवले आहे, तेथे परका, वेगाने वाढणारा वृक्ष लावण्यापूर्वी त्याच्या खाली कोणता ओढा वाहतो आणि त्या ओढ्यावर कोणती गावे अवलंबून आहेत, हे पाहिले पाहिजे. योंकर्सहुकच्या बांधांवर पाण्याची उंची मोजणाऱ्यांनी हेच पाहिले. 1935 मध्ये मोजण्यास आरंभ झाला, म्हणून 1995 मध्ये करवत कोठे चालवावी हे ठरविता आले. वॅटलचे बी मात्र अजूनही त्या काठांच्या मातीत आहे. तोडलेल्या जागी दर वर्षा-दोन वर्षांनी परत जाणारी माणसे जोपर्यंत आहेत, तोपर्यंतच तो ओढा वाहता राहील.